सेलंगोरची लढाई, मढची वलांडी

समस्त वाचकांना, विशेषतः एकोणिसावं शतक कधीच संपलं असं समजून ज्यांनी इतिहासाची पुस्तकं रद्दीत घातली त्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, मलय देशातल्या सेलंगोर आणि पेराक या राज्यांच्या अंतर्गत भांडणांत ब्रिटिश आरमाराने जो हात घातला होता, त्याचा शेवटचा निकाल मुंबईत, मढच्या कोळीवाड्यात, बोंबील सुकवायच्या जागेवर लागलेला आहे. इतिहासकारांना याची खबर नाही. त्यांचा दोष नाही. त्या दिवशी तिथे एकही इतिहासकार हजर नव्हता. एक परीक्षार्थी होती. ती मी.

परवा शेजारची प्रणाली दारात येऊन उभी राहिली. तिची बी.ए.ची परीक्षा महिन्यावर आली आहे. "मावशी, तुझ्या हिस्ट्रीच्या नोट्स हायत ना गो?" मी पलंगाखालची पेटी ओढली, वही काढली, तिच्या हातात दिली. तिने एक पान उलटलं आणि वही नाकापासून हातभर लांब धरली.

"मावशी, ह्याला बोंबलांचा वास येतोय."

"येणारच. त्यांनीपण अभ्यास केलाय."

ती वही घेऊन हसत गेली आणि मी पेटीशेजारी जमिनीवरच बसून राहिले. बाहेर ऊन पेटलं होतं. खाडीवरून येणारी तरीची बोट धक्क्याला लागत होती, तिच्या इंजिनाचा आवाज बंद पडण्याआधी खोकल्यासारखा होतो तसा झाला. माडाखाली ताडगोळेवाला बसला होता. सगळं अगदी त्या उन्हाळ्यासारखं. परीक्षेचे दिवस आले की जगाला घाम फुटतो, मला मात्र तेव्हापासून उगीचच आनंद होतो. कारण सांगायचं तर तोच उन्हाळा सांगायला हवा.

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. दहावीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, टोपली डोक्यावर आली. मुलगी सासरी गेली आणि घर इतकं शांत झालं, की मी मुक्त विद्यापीठात नाव घालून टाकलं. दर रविवारी तरीने वेसाव्याला, तिथून बोरीवलीच्या अभ्यासकेंद्रात. आठवड्यातले तीन दिवस अंधेरीच्या बाजारात सुकी मासळी विकायची, बाकीचे दिवस वलांडीखाली. वलांडी म्हणजे उभे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि त्या दोऱ्यांवर बोंबील टांगायचे. लांबून बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी हजारो मोजे वाळत घातलेत. एकदा आमच्याकडे मालिकेच्या शूटिंगला आलेल्या एका बाईंनी खरंच विचारलं होतं, "हे कापड कुठलं?" मी म्हटलं, "अरबी समुद्राचं." त्यांनी लिहून घेतलं.

बोंबील टांगायची एक रीत आहे. एकटा बोंबील दोरीवर राहत नाही, घसरतो. म्हणून दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. हे काम दोघींचं. एक जबडे अडकवते, दुसरी टांगत जाते. आमच्या घरात तीस वर्षं हिरूबाय अडकवायची आणि मी टांगायचे. हिरूबाय म्हणजे माझी थोरली जाऊ. अंगाने माझ्या दुप्पट, बोलण्याने माझ्या निम्मी. अर्थात माझ्या निम्मी म्हणजे चारचौघींच्या दुप्पट. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझी बोटं बोंबलाच्या दातांनी सोलवटली, तेव्हा तिने माझ्या हातांना खोबरेल लावलं होतं आणि म्हणाली होती, "तू टांग. दातांचं मी बघते." त्या दिवसापासून तशीच वाटणी.

त्या उन्हाळ्यात ती माझ्याशी बोलत नव्हती.

भांडण आमचं नव्हतं, आमच्या नवऱ्यांचं होतं. वादळी वाऱ्याने दोन रांगा आडव्या झाल्या. पुन्हा बांबू रोवताना दादूसने, म्हणजे माझ्या थोरल्या दिराने, आपली रांग हातभर आमच्याकडे सरकवली. निदान माझ्या नवऱ्याचं, जयवंतचं, असं म्हणणं होतं. दादूसचं म्हणणं, रांग होती तिथेच आहे, जयवंतचे डोळे सरकलेत. आता त्या जागेत हद्द अशी कधी नव्हतीच. आजे-पणजे जिथे जागा मिळेल तिथे बांबू रोवत आले. पण एकदा 'हातभर' हा शब्द तोंडातून निघाला, की त्याचा गावभर होतो. कोळीवाड्यातलं भांडण पाटलांकडे जातं. पण पाटील पडले हिरूबायचे मामा, म्हणून जयवंतला ते चालेनात. तीन दिवसांनी जागेच्या मधोमध निळी नायलॉनची दोरी आली. पलीकडे हिरूबाय एकटीच अडकवत आणि टांगत होती. अलीकडे मी एकटीच टांगत आणि अडकवत होते, आणि तीस वर्षांनी माझी बोटं पुन्हा सोलवटत होती.

मी हाक मारली, "बाय, तेल हाय का गो?"

तिने कावळ्याला दगड मारला. कावळा माझ्याच बाजूचा होता.

खरं सांगते, मला जागेची तेवढी भीती वाटली नव्हती. जागा काय, समुद्र पोटात घेईल तेव्हा दोघांचीही घेईल. मला भीती वाटली ती ही, की ही बाई आता अशीच पाठ करून उभी राहील आणि आम्ही दोघी दोरीच्या दोन बाजूंना म्हाताऱ्या होऊ. मला बहीण नाही. आई लवकर गेली. मला रागवायचा हक्क जगात एकट्या हिरूबायला होता, आणि ती माझ्यावर रागवतसुद्धा नव्हती.

अशात परीक्षा. आग्नेय आशियाच्या इतिहासाचा पेपर. तो आधी एकदा माझी दांडी उडवून गेलेला. मला मनात वाचून काही कळत नाही, मोठ्याने बोललं तरच डोक्यात शिरतं. घरात मोठ्याने वाचलं की जयवंत टीव्ही मोठा करायचा. म्हणून पुस्तक वलांडीच्या बांबूला सुतळीने बांधलं आणि बोंबील टांगता टांगता धडा बोलायला लागले. समोर बगळे, कावळे, तीन मांजरं आणि हिरूबायची पाठ. त्यातली मांजरं जास्त लक्ष देत होती.

मलय राजांची नावं जिभेवर बसेनात. मग मी त्यांना आपल्याकडची, कोळीवाड्यातली नावं दिली. एक नदी आहे. नदीच्या वरच्या अंगाला जमिनीत कथील सापडलंय. कथील काढून होड्यांतून खाली आणायचं, आणि नदीच्या तोंडावर किल्ला बांधून जो बसलाय तो येणाऱ्या-जाणाऱ्या होडीकडून जकात घेणार. आता खाडीच्या तोंडावर कोण बसतो यावरून काय काय होतं, हे कोळणीला पुस्तकात वाचावं लागत नाही. त्या तोंडासाठी एकाच राजघराण्यातल्या दोघांचं भांडण लागलं. एक म्हणतो, हे माझ्या बापाकडे होतं. दुसरा म्हणतो, हे मला सुलतानाने दिलंय. म्हाताऱ्या सुलतानाने काय करावं? समजूत घालायला परगावचा जावई आणून बसवला.

"झालं!" दोरीपलीकडून आवाज आला. हिरूबाय कोणालाच उद्देशून बोलली नव्हती. हातातल्या बोंबलाला बोलली होती. "जावई बसवला म्हणजे वाट लागली."

मी वळून बघितलं नाही. वळले असते तर ती गप्प झाली असती. मी मांजराला म्हटलं, "वाट कशी लागली, ते उद्या."

आणि इथून माझी लबाडी सुरू झाली. मी अभ्यास करत होते, हे खरं. पण धडा नेमका कुठे थांबवायचा, हे मी पुस्तकाला विचारत नव्हते. युद्धनौका नदीच्या मुखाशी आली, किल्ल्यावरून तोफा वाजल्या, आणि, अगंबाई, माझे बोंबील संपले. मासळीची पाटी उचलायची आणि चालू पडायचं. दुसऱ्या दिवशी हिरूबायची पाटी माझ्या आधी हजर. तिची रांगही रोज थोडी थोडी निळ्या दोरीच्या जवळ येत होती. दादूसने हातभर सरकवली असेल-नसेल, बायकोने चांगली दोन हात सरकवली.

मी गोष्ट सांगते तेव्हा एका जागी उभी राहत नाही. युद्धनौका मीच, तोफाही मीच. व्यापाऱ्यांची लुटलेली होडी शोधायच्या निमित्ताने इंग्रजांची आगबोट कशी आली, सेलंगोरच्या किल्ल्यावर तिने कसा मारा केला, हे दाखवताना मी पाटी डोक्यावर घेऊन वलांड्यांमधून अशी काही सरकले की धक्क्यावरचे दोघे बघायला थांबले. चाचे पकडायला आलेली बोट परत जाताना एका पक्षाच्या पाठीशी उभी राहून गेली. आमच्या अभ्यासकेंद्रातल्या मॅडमनी सांगितलं होतं, हे एकतर्फी लिहू नका. भांडणाऱ्यांनीच इंग्रजांना बोलावणं धाडलं होतं, सिंगापूर-पिनांगच्या व्यापाऱ्यांना कथील हवं होतं, त्यांना शांतता हवी होती. मी हेही सांगितलं. दोरीपलीकडून उत्तर आलं, "शांतता सगळ्यांनाच हवी असते. दुसऱ्याच्या दारात."

मॅडमना हे वाक्य नंतर फार आवडलं. मी माझंच म्हणून सांगितलं होतं.

पेराकची गोष्ट मी तीन दिवस पुरवली. तिथे गादीवर कोण बसणार यावरून तंटा. इंग्रजांनी सगळ्यांना आगबोटीवर बोलावलं आणि करार केला. गादी तुझी, मान तुझा, फक्त आमचा एक साहेब तुझ्याकडे राहील, रेसिडेंट. तो काही करणार नाही, नुसता सल्ला देईल. मात्र सल्ला विचारायलाच हवा, आणि दिला की मानायलाच हवा. धर्म आणि रीतिरिवाज सोडून सगळ्यात.

इथे हिरूबायचे हात थांबले. "मानायलाच हवा, तर त्याला सल्ला कशाला म्हणतात गो?"

'गो' म्हणाली होती. मला. तिच्या लक्षात आलं, तिने लगेच तोंड फिरवलं आणि घाईघाईत एकाच बोंबलाचा जबडा त्याच्याच शेपटीत अडकवला.

पुढे ते सगळं वाईट होत जातं. साहेब हुकूम चिकटवत सुटतो, नदीकाठी आंघोळ करताना त्याला मारतात, मग फौजा येतात. आपल्या हिंदुस्थानातूनही गेल्या होत्या, हे वाचताना माझा आवाज आपोआप खाली गेला. घरापासून इतक्या लांब, दुसऱ्याच्या नदीवर, तिसऱ्याच्या सांगण्यावरून. शेवटी ज्याला गादी दिली होती त्या सुलतानालाच उचलून समुद्रातल्या दूरच्या बेटावर नेऊन ठेवलं. त्याच्या बोटीचा धूर दिसेनासा होईपर्यंत किनाऱ्यावर बायका उभ्या होत्या, असं मी सांगितलं. हे पुस्तकात नव्हतं. पण किनारा असेल तर बायका उभ्या असणारच. हिरूबायने पदराने डोळे पुसले आणि बगळ्याला म्हणाली, "मीठ उडतंय."

त्याच आठवड्यात आमच्याकडे साहेब आले.

पांढरे बूट, हातात छत्री, खिशात कार्ड. कार्डावर नाव आणि खाली एकच शब्द, 'सल्लागार'. कशाचे, ते नव्हतं. धक्क्याचा रस्ता रुंद होणार अशी कुजबुज होती, तेव्हापासून असे बूट कोळीवाड्यात दिसायला लागले होते. ते आधी दादूसला भेटले, मग जयवंतला. दोघांनाही म्हणाले, तुमचंच बरोबर आहे. मग जागेत एक प्लास्टिकची खुर्ची आली. दोन दिवसांनी टेबल. मग मोजणीची फीत घेतलेला माणूस. मग पत्र्याची छोटी खोली उभी करायची भाषा, तात्पुरती, राखणीसाठी. दोघा भावांनी एका कागदावर सह्या करायच्या, की आमच्यातला वाद मिटेपर्यंत जागा यांच्या देखरेखीखाली राहील आणि त्यांनी सांगितलेलं आम्हाला मान्य असेल.

मी जयवंतला सांगितलं, "अरे, हे मी पाठ केलंय. ह्याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो."

तो म्हणाला, "तुझ्या परीक्षेत येतो. माझ्या घरात आणू नकोस. दादूससमोर मी माघार घेणार नाय."

तो असा म्हणाला आणि मला पुस्तकाचा पहिल्यांदा राग आला. इतकं सगळं कळून काय उपयोग? सेलंगोरच्या बायकांनाही कळत असेल. चुलीपाशी बसून त्यांनीही नवऱ्यांना सांगितलं असेल, आणि नवऱ्यांनी हेच उत्तर दिलं असेल.

सह्यांचा दिवस रविवारी सकाळचा ठरला. मी बोरीवलीचा तास बुडवला. बोंबलांच्या रांगांमधून ऊन झिरपत होतं, टेबलावर कागद, कागदावर तो उडू नये म्हणून कोणीतरी ठेवलेला दगड. दोघे भाऊ टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता. निम्मा कोळीवाडा बघायला. पाटील लांब माडाखाली उभे, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सल्लागार फार गोड बोलले. म्हणाले, "मी आपला नुसता सल्ला देणार. मालक तुम्हीच." दादूसने पेन घेतलं. पेनाचं टोपण उघडेना, त्याने ते दातांनी काढलं. मी जयवंतच्या शर्टाचं टोक ओढलं, त्याने हात झटकला.

"थांबा."

हिरूबाय होती. पाटी अजून काखेत, हात खवल्यांनी चमकणारे. चारचौघांत दादूसला तिने आजवर कधी अडवलं नव्हतं. ती सरळ टेबलापाशी आली.

"तिकडे सेलंगोरला आपल्या माणसांचं काय झालं, ते कोणी सांगितलं नाय वाटतं तुम्हाला?"

"कुठलं सेलंगोर?" दादूस म्हणाला, टोपण दातांतच होतं.

"वसईच्या वरचं!" हिरूबायने ठणकावून सांगितलं. मी तोंड उघडलं आणि तितक्याच चपळाईने मिटलं, वाटलं, बाई मुद्दामच थाप मारतेय. "एक खाडी होती, दोन घरं होती. तुमच्यासारखीच हट्टी. मध्यस्थ आणला. मध्यस्थाच्या मागून बोट आली. आता तिकडे खाडीच्या तोंडावर कोण बसलाय, विचारा." मग ती सल्लागारांकडे वळली, अगदी बाजारात गिऱ्हाइकाला विचारावं तशा आवाजात. "साहेब, तुमचा सल्ला आम्ही मानला नाय, तर तुमची आगबोट कुठे उभी हाय, तेवढी दाखवून ठेवा."

माडाखाली पाटील खो-खो हसले. त्यांच्यामागून सगळा कोळीवाडा. सल्लागारही हसायला गेले, पण त्यांची नजर क्षणभर रस्त्याकडे वळली. तिथे त्यांची गाडी होती आणि गाडीशी हात बांधून उभी असलेली दोन धिप्पाड माणसं. ती नजर दादूसने बघितली, जयवंतनेही बघितली, आणि मग पुष्कळ दिवसांनी दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. दादूसने टोपण पेनाला लावलं. जयवंतने कागदावरचा दगड उचलला. वाऱ्याला तेवढंच हवं होतं.

निळी दोरी कोणी सोडली, हे आजवर दोघांपैकी एकानेही कबूल केलेलं नाही. बांबू पाटलांसमोर पुन्हा रोवले, एक रांग त्यांची, एक आमची, परत एक त्यांची, अशा. कोणाची कुठे सरकली हे शोधायला आता आमच्याकडे वेळ नाही, पावसाच्या आत माल सुकवायचा असतो.

आणि मी? मला पेपरात पेराकवर प्रश्न आला. अंधेरीच्या परीक्षाकेंद्रात पंख्याखाली बसून मी सात पानं लिहिली. शेजारची विशीतली पोरगी दर पंधरा मिनिटांनी माझ्याकडे बघत होती, बहुतेक वासामुळे. किनाऱ्यावर उभ्या बायका मी उत्तरातही घातल्या. तपासणाऱ्याने त्या खोडल्या की ठेवल्या, कोण जाणे. पास झाले हे नक्की.

पण इतिहास आपल्याला शहाणं करतो का, असं प्रणालीने परवा जाता जाता विचारलं, तेव्हा मी तिला पासाचं सांगितलं नाही. म्हटलं, शहाणं करतो की नाही माहीत नाही, पण कधी कधी दुसऱ्याच्या घरात दीडशे वर्षांपूर्वी झालेलं भांडण आपल्या घरातलं थांबवून जातं. त्या बिचाऱ्या राजांना कोणी अशी गोष्ट सांगणारं भेटलं नसेल. किंवा भेटलं असेल, ऐकणारी हिरूबाय भेटली नसेल.

पेपर देऊन आले त्या दुपारी ती वलांडीखाली माझी वाट बघत होती. ती अडकवणार, मी टांगणार. माझ्या बोटांना तिने न विचारता तेल चोळलं आणि म्हणाली, "काय आलं होतं?" मी प्रश्नपत्रिका पुढे धरली. मागच्या पानावर नकाशा होता. तिने ओले हात पुसले आणि बोट ठेवून वसई शोधायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नकाशाचा पहिला धडा मी बोलले त्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मलय देश, सातासमुद्रापलीकडे, हे तिने ऐकलंच नव्हतं. इंग्रजांच्या काळातला कुठलातरी आपलाच कोळीवाडा, असं धरून ती दोन महिने ऐकत होती. मी हळूच तिचं बोट उचललं, हिंदुस्थान ओलांडून, बंगालचा उपसागर ओलांडून, पार पलीकडे नेऊन ठेवलं.

तिने नकाशाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग सगळ्या मढला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघालं, "म्हणजे ते आपले कोळी नव्हते? मग मी इतके दिवस रडले कोणासाठी गो?"